खरेदीखतामागचा कागद

व्यापारी घरातील तिजोरीच्या सर्वांत आतल्या कप्प्यात बहुधा कागद असतात. दुकानाचे खरेदीखत, गोदामाचा भाडेकरार, सिटी सर्व्हेचा उतारा, भावाभावांतील वाटणीपत्र, वडिलांनी कधी काळी स्टँपवर करून घेतलेली एखादी पावती. दिवाळीच्या वहीपूजनाआधी कप्पा आवरला जातो, कागदांना थोडे ऊन दाखविले जाते आणि पुन्हा त्याच जुन्या फडक्यात ते बांधून ठेवले जातात. शेजाऱ्याने भिंत सरकविली, भाडेकरूने हक्क सांगितला, चुलतभावाने वाटा मागितला, तर हे फडके सोडले की उत्तर सापडते. मात्र दुकान राज्यसंस्थेलाच हवे असेल तर काय, हे त्या कागदांत कोठेही लिहिलेले नसते. त्याचे उत्तर देशाच्या राज्यघटनेत असते, आणि देश बदलला की तेही बदलते.

राज्यघटनांचे प्रकार शाळेत शिकविले जातात: लिखित आणि अलिखित, लवचीक आणि ताठर, संघराज्यात्मक आणि एकात्म. परीक्षेपुरते हे ठीक आहे. ज्याचा पोटापाण्याचा धंदा एका विशिष्ट रस्त्यावरील विशिष्ट गाळ्यात चालतो, त्याच्या दृष्टीने मात्र दोनच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. सरकारला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे का? आणि असा ‘नकार’ मिळाल्यावर सरकार तो नियमच बदलू शकते का? या दोन प्रश्नांच्या कसोटीला लावल्यावर जगातील नामांकित घटनांचे चेहरे पुस्तकातल्यापेक्षा वेगळे दिसू लागतात.

अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिली गेली. मूळ मसुद्यात हक्कांची सनद नव्हती; ती १७९१ मध्ये दहा दुरुस्त्यांच्या रूपाने जोडण्यात आली. त्यांतील पाचवी दुरुस्ती सांगते की खासगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घ्यावयाची तर न्याय्य मोबदला द्यावाच लागेल. प्रारंभी हे बंधन केवळ केंद्र सरकारवर होते. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने घटक राज्यांवरही मर्यादा आल्या. त्या दुरुस्तीत ‘नागरिक’ हा शब्द जसा आहे, तसाच ‘व्यक्ती’ हाही आहे. आणि कायद्याचे समान संरक्षण ‘व्यक्ती’ला दिलेले आहे. या एका शब्दाने काय घडते हे सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी परीटांनी दाखवून दिले.

त्या शहरात त्या वेळी सुमारे ३२० लाँड्र्या होत्या. त्यांपैकी जवळजवळ २४० चिनी लोकांच्या होत्या आणि बहुतेक साऱ्या लाकडी इमारतींत चालत. शहराने नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर पर्यवेक्षक मंडळाची परवानगी हवी. नियमात ‘चिनी’ हा शब्द कोठेही नव्हता; कारण सांगितले होते आगीच्या धोक्याचे. पण २०० चिनी अर्जदारांना परवाना नाकारला गेला आणि ८० बिगर-चिनी अर्जदारांपैकी एक सोडून सर्वांना तो मिळाला. प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८८६ मध्ये न्यायालयाने सांगितले की कायद्याचा चेहरा कितीही निष्पक्ष असो, तो राबविणारा हात भेदभाव करत असेल तर तो कायदा घटनेला मान्य नाही. दाद मागणारे लोक अमेरिकेचे नागरिक नव्हते. ते ‘व्यक्ती’ होते, आणि तेवढे पुरेसे ठरले. परवान्यासाठी ज्याने कधी एखाद्या कार्यालयाच्या बाकावर दिवस घालविला आहे, त्याला या निकालाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

याच घटनेची दुसरी बाजू मात्र काळी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मालमत्तेला भक्कम संरक्षण द्यावयाचे ठरविले की मालमत्ता कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न उरतोच. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने पाचव्या दुरुस्तीचाच आधार घेऊन सांगितले की गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने काँग्रेसला नव्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालता येणार नाही. त्यानंतर युद्ध झाले आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती आली. ब्रिटनने त्याआधीच, १८३३ च्या कायद्याने, आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपविण्याचे ठरविले आणि नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंडांची तरतूद केली. ती मालकांसाठी होती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून दिले, त्यांना छदामही मिळाला नाही. हिशेबाच्या वहीत जमा कोणाच्या नावे झाले, हे पाहिल्यावाचून ‘मालमत्तेचा पवित्र हक्क’ हा शब्दप्रयोग करू नये, असे व्यापाऱ्यालाच सर्वांत आधी वाटावयास हवे.

आणि ‘सार्वजनिक उपयोग’ म्हणजे काय? रस्ता, पूल, धरण, शाळा हे समजण्यासारखे आहे. कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन या लहान शहराने नदीकाठची घरे घेऊन ती जागा विकासकाला द्यावयाचे ठरविले, तेव्हा एका मध्यमवर्गीय स्त्रीने आपले छोटेसे घर सोडण्यास नकार दिला. शहराचे म्हणणे होते की विकासामुळे रोजगार आणि कर वाढतील, म्हणजे हाही सार्वजनिक उपयोगच. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराची बाजू उचलून धरली. पुढे तो प्रकल्प झालाच नाही. घरे गेली आणि जागा वर्षानुवर्षे ओसाड राहिली. निकालावर इतका क्षोभ उसळला की चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे कडक केले. घटनेने जे दिले नाही, ते लोकांनी विधिमंडळाकडून मिळविले. मालमत्तेच्या हक्काचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशातही केवळ घटनेच्या शब्दावर विसंबून झोप लागत नाही, ती अशी.

ब्रिटनमध्ये एका ग्रंथात बांधलेली राज्यघटना नाही. तेथे संसद सर्वश्रेष्ठ. १२१५ च्या मॅग्ना कार्टापासूनच्या परंपरा आहेत आणि न्यायालये मोठी करारी आहेत, पण संसदेने मनात आणले तर काय होते ते बर्मा ऑइल कंपनीच्या प्रकरणात दिसले. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात पुढे सरकत होते, तेव्हा शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश सैन्यानेच कंपनीची तेलप्रतिष्ठाने उडवून दिली. युद्धानंतर कंपनीने भरपाई मागितली. खटला वीस वर्षांहून अधिक काळानंतर हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर पोहोचला आणि १९६४ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनी जिंकली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून ही भरपाईची जबाबदारी पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केली. म्हणजे निकाल जिंकणाऱ्याच्या बाजूने होता, पण वसुली शून्य! बुडीत खात्याचे असे उदाहरण कोणत्याही पेढीच्या वहीत सापडणार नाही. १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानंतर तेथील न्यायालये युरोपीय करारातील मालमत्तेच्या कलमाशी विसंगत असलेला कायदा तसा आहे असे जाहीर करू शकतात. तो रद्द करू शकत नाहीत. कॅनडाने तर १९८२ मध्ये हक्कांची सनद लिहिताना मालमत्तेचा हक्क तीत घातलाच नाही. तरीही टोरोंटोच्या दुकानदाराची झोप त्यामुळे उडालेली दिसत नाही. कागदावर हक्क नसणे आणि प्रत्यक्षात संरक्षण नसणे, ही दोन निराळी गणिते आहेत.

याचे उलट उदाहरण जर्मनीचे. १९१९ ची वायमार घटना त्या काळची सर्वांत प्रगत मानली जाई. तिच्या १५३ व्या अनुच्छेदाने मालमत्तेची हमी दिली होती आणि त्याच श्वासात सांगितले होते की मालकी ही मालकाला बांधून घालते, तिचा वापर समाजाच्या हिताचाही असला पाहिजे. विचार थोर होता. पण याच घटनेच्या ४८ व्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षांना आणीबाणीत सात हक्क तहकूब करण्याची मुभा दिली होती, आणि १५३ वा अनुच्छेद त्या सातांपैकी एक होता. २८ फेब्रुवारी १९३३ रोजी, संसदभवनाला आग लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एका फर्मानाने सातही हक्क तहकूब झाले. ते पुन्हा कधी जिवंत झाले नाहीत. घटना औपचारिकरीत्या रद्द करण्याची नाझींना गरजही पडली नाही. ती कपाटात तशीच पडून राहिली. १२ नोव्हेंबर १९३८ च्या फर्मानाने ज्यूंना १ जानेवारी १९३९ पासून किरकोळ दुकान चालविण्यास मनाई केली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्या कवडीमोलाने विकाव्या लागल्या. त्यांची खरेदीखते अगदी बिनचूक होती.

युद्धानंतर, १९४९ च्या मूलभूत कायद्यात जर्मनांनी तेच वाक्य पुन्हा घातले. चौदावा अनुच्छेद मालमत्तेची आणि वारसाहक्काची हमी देतो, मालकीबरोबर कर्तव्य येते असे सांगतो, आणि संपादन करावयाचे तर भरपाई सार्वजनिक हित व मालकाचे हित यांचा न्याय्य मेळ घालून ठरवावी, रकमेबद्दल तक्रार असेल तर न्यायालयात जाता येईल, असेही नमूद करतो. फरक आजूबाजूला होता. एकोणिसाव्या अनुच्छेदानुसार कोणत्याही मूलभूत हक्काचा गाभा कायद्याने पोखरता येत नाही, आणि मानवी प्रतिष्ठेचा पहिला अनुच्छेद तर घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाही. वाक्य तेच, पण कडीकोयंडा नवा.

भारताच्या घटनासमितीपुढे हे सारे नमुने होते, आणि मालमत्तेच्या कलमाइतका खल फार थोड्या कलमांवर झाला. एका बाजूला पूर्ण मोबदल्याचा आग्रह, दुसऱ्या बाजूला जमीनदारी नष्ट करण्याचे लोकांना दिलेले वचन. १९५५ मध्ये राज्यसभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्टच सांगितले की ३१ व्या अनुच्छेदाची जबाबदारी मसुदा समिती घेऊ शकत नाही. नेहरू, पटेल आणि पंत यांची मते तीन दिशांना होती आणि त्यांतून ती तडजोड निघाली. तडजोडीच्या कागदाला पुढे फाटे फुटतात, हे व्यापारात जितके खरे तितकेच येथेही खरे ठरले. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली तेव्हा १९ व्या अनुच्छेदाने मालमत्ता मिळविण्याचा, बाळगण्याचा व विकण्याचा हक्क दिला होता आणि ३१ व्याने भरपाईची हमी. सव्वा वर्षातच पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरविला. लगेच जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली आणि तिच्याबरोबर नववे परिशिष्ट. त्यात ठेवलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाने आव्हान देता येऊ नये, अशी ती योजना होती.

डिसेंबर १९५३ हा महिना या दृष्टीने मोठा बोलका आहे. ११ तारखेला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका कायद्याबद्दल निकाल दिला. निर्वासितांच्या वसाहतींसाठी जमीन कधीही घेतली तरी मोबदला ३१ डिसेंबर १९४६ च्या भावापेक्षा अधिक द्यावयाचा नाही, असे त्या कायद्यात होते. न्यायालय म्हणाले, भरपाई म्हणजे गेलेल्या वस्तूची खरी किंमत. घटनेत ‘न्याय्य’ हा शब्द नसला तरी ‘भरपाई’ या शब्दातच तो अर्थ आहे. त्याच महिन्याच्या २३ तारखेला टोकियोत जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला. जपानच्या १९४७ च्या घटनेत तर ‘न्याय्य भरपाई’ असे शब्दच होते. पण युद्धोत्तर जमीनसुधारणेत जमीनमालकांना फुगलेल्या महागाईत अगदी मामुली रक्कम मिळाली होती. ती पुरेशी आहे, न्याय्य भरपाई म्हणजे पूर्ण बाजारभाव असे नव्हे, असे टोकियोचे न्यायालय म्हणाले. जेथे शब्द होता तेथे तो सैल झाला आणि जेथे नव्हता तेथे तो वाचला गेला.

आता दिल्लीच्या संसदेची पाळी होती. १९५५ ची चौथी दुरुस्ती म्हणाली की भरपाई पुरेशी आहे की नाही हे न्यायालयाने पाहू नये. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. एका भागधारकाने आव्हान दिले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये दहा विरुद्ध एक मताने तो कायदा कोसळला. सरकारने नवा कायदा आणला, आणि १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीने घटनेतील ‘भरपाई’ हा शब्दच काढून ‘रक्कम’ हा शब्द घातला. शब्दांची ही ओढाताण वाचताना कोर्टकचेरीचा कंटाळा असणाऱ्यालाही मौज वाटावी. भरपाईत तोलाची कल्पना आहे. रक्कम म्हणजे केवळ आकडा. २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल तेरा न्यायमूर्तींचा आणि सात विरुद्ध सहा असा निसटता. केरळमधील एका मठाच्या जमिनीवरून सुरू झालेल्या या खटल्याने घटनेची मूलभूत चौकट संसदेच्याही हाताबाहेर ठेवली. पण मालमत्तेचा हक्क त्या चौकटीत बसत नाही, असे निर्णायक ठरलेल्या न्यायमूर्ती खन्ना यांच्या मताने सांगितले. मठाची जमीन हे निमित्त होते. वाचले ते बाकीचे सारे.

शेवटचा घाव आणीबाणी लादणाऱ्यांनी घातला नाही. तो त्यांचा पराभव करून आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने घातला. १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती नागरिकांना जीवित व स्वातंत्र्याचे कवच परत देणारी म्हणून गौरविली जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. २० जून १९७९ पासून तो ३०० अ या अनुच्छेदात एका वाक्यापुरता उरला: कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेतली जाणार नाही. व्यवसाय आणि व्यापार करण्याचा हक्क मात्र १९ व्या अनुच्छेदात जसाच्या तसा राहिला. म्हणजे व्यापार करणे मूलभूत, आणि ज्या गाळ्यात तो करावयाचा तो गाळा केवळ घटनात्मक.

एका तालुक्याच्या गावी मुख्य बाजारपेठेतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी हा फरक एका संध्याकाळी ओट्यावर उलगडला. नव्या विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखविला होता आणि दुकानाचे दर्शनी नऊ फूट त्यात जात होते. त्या नऊ फुटांत गादी होती, वजनकाटा होता आणि साठ वर्षांचे बसणे-उठणे होते. मागे उरणार होते ते गोदाम. पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी नात सुटीत घरी आली होती.

आजोबा म्हणाले, “नोटीस येऊ दे बाळ. घटनेत मालमत्तेचा हक्क आहे. मास्तरांनी सात मूलभूत हक्क घोकून घेतले होते आमच्याकडून, अजून पाठ आहेत.”

“आजोबा, तुम्ही शिकलात तेव्हा सात होते. आम्हाला सहाच शिकवले.”

“सातवा कोणता गेला?”

“हाच.”

म्हातारे गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “मग आता काय, कोणीही यावे आणि घेऊन जावे?”

“तसं नाही. कायदा हवा, नोटीस हवी, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, मोबदला द्यावा लागतो. थेट दिल्लीला मूलभूत हक्काचा अर्ज करता येत नाही एवढंच. उच्च न्यायालय आहेच. पण ते मोबदल्याऐवजी टीडीआर घ्या म्हणतील. तो घेऊ नका लगेच, आपल्या गावात त्याला गिऱ्हाईक नाही.”

आजोबांनी आयुष्यातील पहिली हरकत लिहून दिली. मुदतीत दिली, पोच घेतली आणि ती पोच फडक्यात बांधली. मोबदल्याची सुनावणी अजून चालू आहे.

नातीने सांगितले ते बरोबर होते, आणि गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी त्या एका वाक्यात बराच जीव भरला आहे. हिमाचल प्रदेशातील एका निरक्षर वृद्ध विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली गेली. ना प्रक्रिया, ना पैसा. तिने दाद मागितली तेव्हा राज्य सरकारने असा बचाव केला की इतकी वर्षे ताबा आमच्याकडे आहे, तेव्हा मालकीही आमचीच झाली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. कल्याणकारी राज्याने नागरिकाच्या जमिनीवर अशा रीतीने मालकी सांगावयाची नसते, असे सुनावून मोबदला देण्याचा आदेश दिला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने ३०० अ च्या पोटात सात हक्क दडलेले आहेत असे सांगितले: नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, खरे सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य मोबदला, वेळेत पार पडणारी प्रक्रिया आणि व्यवहाराची रीतसर समाप्ती. सातवा मूलभूत हक्क गेला आणि त्याच्या जागी सात उपहक्क आले. याला योगायोग म्हणावे.

मुंबईच्या वाचकांना नोव्हेंबर २०२४ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल अधिक जवळचा वाटेल. उपकरप्राप्त जुन्या इमारती रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी संपादन करण्याची तरतूद १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आली. ७० टक्के रहिवाशांची मागणी हवी आणि मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. पागडीच्या इमारतीचे भाडे किती असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘शंभरपट’ या शब्दाचे हसू येईल. आणि त्याच इमारतीत टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज उतरणाऱ्याला ते येणार नाही. एकाच समाजाची माणसे या वादात दोन्ही बाजूंना आहेत. बहुमताने ठरले की ३९ व्या अनुच्छेदातील ‘समाजाची भौतिक साधने’ या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही. काही येऊ शकतात, पण प्रत्येकीचे स्वरूप, तिची दुर्मीळता, समाजावरील तिचा परिणाम पाहून ते ठरवावे लागेल.

सहसा कोणाच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट. मालमत्तेचा मूलभूत हक्क काढताना त्याच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ३० व्या अनुच्छेदात एक पोटकलम घातले. अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची मालमत्ता घ्यावयाची तर मोबदला इतका हवा की शिक्षणसंस्था चालविण्याचा त्यांचा हक्क त्यामुळे खुंटू नये. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केल्यापासून समाजाच्या शाळा चालविणाऱ्या विश्वस्तांनी हे पोटकलम वाचून ठेवावयास हरकत नाही.

परदेशात स्थिरावलेल्या व्यापाऱ्यांची कथा आणखी निराळी, कारण तेथे मालकीबरोबर वंशाचाही प्रश्न येतो. सॅन फ्रान्सिस्कोचे परीट जिंकले त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९७ मध्ये, नाताळ वसाहतीने दुकानपरवान्याचा कायदा केला. त्यातही ‘हिंदी’ हा शब्द नव्हता. परवाना अधिकाऱ्याने परवाना नाकारला तर अपील नगरपरिषदेकडे, म्हणजे बहुधा स्पर्धक गोऱ्या दुकानदारांकडेच. न्यायालयाचे दार बंद. त्या वेळी डरबनमध्ये वकिली करणाऱ्या गांधीजींनी या कायद्याविरुद्ध अर्जांवर अर्ज लिहिले. चिनी परिटांच्या हाती एक घटना होती. नाताळच्या हिंदी व्यापाऱ्यांच्या हाती केवळ अर्ज होते. पुढे १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने वस्त्या वर्णानुसार वाटल्या आणि हिंदी दुकानदारांना जमलेल्या पेठा सोडाव्या लागल्या.

म्हणूनच दक्षिण आफ्रिकेची १९९६ ची घटना वाचताना तिच्या पंचविसाव्या कलमाशी थांबावे लागते. मोबदला ठरविताना बाजारभाव हा अनेक घटकांपैकी केवळ एक धरला आहे. सध्याचा वापर, शासनाने केलेली गुंतवणूक, संपादनाचा हेतू, आणि मुख्य म्हणजे ती मालमत्ता मूळ मालकाकडे कशी आली याचा इतिहास. १९ जून १९१३ नंतर वर्णभेदी कायद्यांनी ज्यांची जमीन गेली, त्यांना ती परत मागण्याचा किंवा न्याय्य निवारणाचा हक्क आहे. खरेदीखताच्या मागच्या खरेदीखताकडेही पाहणारी दुसरी घटना सहज सापडणार नाही. तीवरून वाद संपलेले नाहीत. विनामोबदला संपादनाला वाट देणारी घटनादुरुस्ती डिसेंबर २०२१ मध्ये आवश्यक २६७ मतांऐवजी २०४ मते मिळून पडली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये साध्या कायद्याने काही प्रसंगांत शून्य मोबदल्याची तरतूद झाली आणि तीवर पुन्हा झगडा उभा राहिला.

युगांडाकडे तर मालमत्तेला संरक्षण देणारी घटना होती. जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीनने सत्ता बळकावली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा असे जाहीर केले. कंपाला, जिंजा, म्बाले येथील दुकाने, जिनिंग कारखाने, साखर कारखाने, घरे मागे राहिली. ८ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत हजारो कुटुंबे विमानाने गेली. त्यांपैकी २७ हजारांहून अधिक माणसे ब्रिटनमध्ये उतरली. मागे राहिलेली मालमत्ता सांभाळण्यासाठी, असे म्हणून, एक अभिरक्षक मंडळ स्थापन झाले. ज्यांनी कागद बरोबर नेले होते त्यांनी ते लेस्टरच्या भाड्याच्या खोल्यांत जपून ठेवले. अमीन गेल्यावर १९८२ मध्ये मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला. प्रत्यक्ष परत मिळू लागली ती मुख्यतः त्यानंतरच्या दशकात, आणि त्या वेळी त्या जुन्या कागदांना भाव आला. १९९५ च्या नव्या घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने सांगितले की मोबदला न्याय्य व पुरेसा असावा, तातडीने द्यावा, आणि ताबा घेण्यापूर्वी द्यावा. परतलेल्या मालकांपैकी पुष्कळांना आपल्या इमारती उभ्या दिसल्या. त्यांत त्या वीस वर्षांत राहावयास आलेली दुसरी कुटुंबे राहत होती, आणि त्यांची मुले त्याच घरांत लहानाची मोठी झाली होती.